उधव्याच्या पडवीत

उधव्याकडच्या घरांत तांदूळ दोन कामांसाठी बाजूला काढून ठेवलेला असे. एक वाटा आजाऱ्याच्या पेजेचा, दुसरा लग्नसराईत भिंतीवर उमटणाऱ्या देवीचा. कणगीत दाणे कितीही कमी असोत, या दोन वाट्यांना सहसा कुणी हात लावत नसे. मी तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स होते, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या सुरुवातीला. दिवाळी जवळ आली, गिरणीत भाजणीचं दळण टाकलं, की मला अजून तिकडच्या नव्या भाताचा वास येतो.

तेव्हा पालघर जिल्हा झालेला नव्हता. तो झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. आम्ही ठाणे जिल्ह्यातले. तलासरीला मुंबई-अहमदाबाद हायवे सोडायचा आणि पूर्वेला आत शिरायचं. डावी-उजवीकडे भातखाचरं, ताडाची झाडं, कुडाची घरं, आणि मग उधवा. तिथून दादरा-नगर हवेलीची हद्द जवळ, त्यामुळे बाजाराच्या दिवशी वारली, मराठी आणि गुजराती अशा तिन्ही बोली एकाच पारावर ऐकू यायच्या. एसटी वेळेवर आली तर आली, नाहीतर जीपच्या टपावर बसून माणसं यायची. रुग्ण मात्र बहुतेक वेळा चालतच किंवा झोळीत यायचा. बांबूला घोंगडी बांधायची, दोघांनी खांदा द्यायचा आणि निघायचं.

मी मूळची साताऱ्याकडची. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. ड्रॉइंगच्या सरांनी घरी येऊन वडिलांना सांगितलं होतं की, पोरीला जे. जे.ला पाठवा. पण माझ्यामागे भावंडं होती आणि नर्सिंगला स्टायपेंड मिळत होता. वडिलांचा तो निर्णय मला आजही बरोबरच वाटतो. ट्रंकेत पांढऱ्या साड्यांच्या घडीखाली रंगांची पेटी घेऊन मी उधव्याला आले खरी, पण पहिले काही महिने ती पेटी उघडायला फुरसत मिळाली नाही. ओपीडी, डिलिव्हरी, हिवतापाच्या रक्ताच्या काचपट्ट्या, लसींचा थंड डबा, रजिस्टरं. आणि रात्री कंदिलाच्या उजेडात सलाईनचे थेंब मोजणं.

त्या दवाखान्याची पडवी मला अजून इंचाइंचाने आठवते. वरची भिंत चुन्याने पांढरी, खालचा कमरेएवढा पट्टा गेरूचा. त्या काळच्या बहुतेक सरकारी इमारतींना असा पट्टा असायचा, डाग दिसू नयेत म्हणून. खाटा थोड्या आणि माणसं फार, त्यामुळे पावसाळ्यात पडवीत सतरंज्या अंथरून रुग्ण ठेवावे लागत. एक रुग्ण म्हणजे एक कुटुंब. आई, सासू, दोन पोरं, एखादी कोंबडीसुद्धा. समोरच्या आंब्याखाली तीन दगडांची चूल मांडायची आणि त्यावर पेज शिजायची. जुलाब झालेल्या पोराला आम्ही क्षारसंजीवनी पाजायचो, आणि आमचे डॉक्टर मुद्दाम सांगायचे की, पेजही बंद करू नका, मीठ घालून पाजा. चमच्या-चमच्याने, न थकता, दर दोन मिनिटांनी. तिकडच्या आयांना ते शिकवावं लागलं नाही. माझ्यापेक्षा त्यांचा धीर मोठा होता.

त्या पडवीत एका पावसाळ्यात एक डोकरी आली. सून बाळंत झाली होती, अंगात रक्त नव्हतं, वर ताप. सुनेची खाट आत होती आणि डोकरीचा मुक्काम पडवीत. लहानखुरी, कमरेला गुडघ्यापर्यंतचं लुगडं, हातावर गोंदण, डोळे कमालीचे शांत. सगळे तिला मान देत. शिपाई तिच्यासमोर बिडी ओढत नसे. त्यानेच मला सांगितलं की, ती धवलेरी आहे.

धवलेरी म्हणजे वारल्यांचं लग्न लावणारी बाई. त्यांच्यात परंपरेने लग्न बाई लावते. मंत्राच्या जागी तिची गाणी, आणि तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. त्याआधी सवाशिणी घरातल्या आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. तिकडे चित्र ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’. चौकाच्या मधोमध पालघाट देवी बसते. रानाची, पिकाची, पोटी मूल देणारी आई. तिचा चौक भिंतीवर नसेल तर लग्नच नाही. आपण ज्याला वारली चित्रकला म्हणतो, ती मुळात ही आहे.

या चौकापायी माणसांनी केवढं सोसलंय हे मला डोकरीकडूनच कळलं. तिचा बाप लग्नगडी होता. लग्नाच्या खर्चासाठी सावकाराकडून मूठभर रुपये आणि थोडं धान्य उचलायचं आणि त्या बदल्यात नवरा-बायकोने जन्मभर त्याच्या शेतावर राबायचं, त्याला लग्नगडी म्हणत. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हे सारं लिहून ठेवलंय. २३ मे १९४५ रोजी याच तलासरीजवळच्या झरी गावात वारली जमले आणि वेठबिगार करणार नाही असं त्यांनी ठरवलं. डोकरी तेव्हा पोर होती. बापाच्या खांद्यावर बसून कुठेतरी मोठी माणसं बघितल्याचं तिला आठवत होतं. पैसा नसल्यामुळे कित्येक जोडपी लग्नाविनाच संसार थाटत, पोरं होत, ती मोठी होत, आणि मग कधीतरी चार पैसे जमले की आई-बापांचं आणि पोराचं लग्न एकाच मांडवात लागे. डोकरीच्या स्वतःच्या मुलाचंही लग्न अजून राहिलं होतं. आत खाटेवर पडलेली सून आई झाली होती, पण चौकासमोर अजून बसली नव्हती.

बाईमाणसाला रिकामे हात सोसत नाहीत. एका सकाळी औषधं वाटायला निघाले तर डोकरी गेरूच्या पट्ट्यासमोर उकिडवी बसलेली. शेजारी करवंटीत तांदळाचं पांढरं पीठ, हातात बांबूची काडी. काडीचं टोक तिने दाताने चावून मऊ केलं होतं, त्याला ती बाहरू म्हणायची. भिंतीवर एक झाड उभं राहत होतं. मी थबकले, कारण भिंत सरकारी होती. डॉक्टर मागून आले, दोन मिनिटं बघत उभे राहिले आणि म्हणाले, “सिस्टर, यांना चहा सांगा.”

मी तिला विचारलं, “आये, पालघाट नाही लिहिणार?” ती चटकन मान हलवून म्हणाली, “नाय. ती लग्नाची. तिला उगा बोलवाचं नाय.” देवी ही ज्याच्या त्याच्या हौसेने भिंतीवर आणायची गोष्ट नव्हती. पडवीत तिने लिहिलं ते झाड, त्यावरचे पक्षी, मुंग्यांची रांग, भात लावणाऱ्या बायका, खळं, आणि तारपा या वाद्यावरचा एक नाच. कणसरीची, म्हणजे दाण्याच्या देवीची, शेतं. सगळं जमिनीपासून हातभर उंचीवर. सतरंजीवर कुशीला वळून पडलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर बरोबर येईल असं. ती उंची तिने ठरवून निवडली की बसल्या जागी तिचा हात तिथवरच पोचत होता, कोण जाणे. पण आमच्या रुग्णांपैकी अंग उचलता न येणाऱ्यांना दिवसभर दिसायचं ते एवढंच. आधी फक्त गेरूचा लाल पट्टा होता, आता त्यावर एक गाव नांदत होतं.

मी तिच्याशेजारी बसून शिकले. तांदूळ रात्रभर भिजवायचा, पाट्यावर गंधासारखा वाटायचा, फडक्यातून गाळायचा, त्यात किंचित डिंक. पीठ पातळ झालं तर भिंत पिऊन टाकते, घट्ट झालं तर वाळून पापुद्रा सुटतो. बोटाच्या चिमटीत घेऊन बघायचं. मग माणूस. दोन त्रिकोण, टोकाला टोक लावलेले, वरचा छातीचा आणि खालचा कमरेचा. मी आधी वरचा त्रिकोण पुरा करायची आणि मग त्याच्याखाली दुसरा जुळवायला जायची, तर माणूस ताठ व्हायचा, शाळेच्या पी.टी.त उभा असल्यागत. ती दोन तिरप्या रेघा एकमेकींवरून ओढायची, वर आणि खाली तोंडं बंद करायची, आणि आत बारीक रेघांनी भरत जायची. त्या मधल्या बिंदूवर सगळा माणूस तोललेला असायचा. तो तोल किंचित एका अंगाला असे, म्हणून तिची माणसं चालायची, वाकायची, नाचायची. रेघ ओढताना ती श्वास सोडायची. पुढची रेघ, पुढचा श्वास. आणि ओठांतल्या ओठांत गाणं चालू. एक माणूस झाला की दुसरा, दुसऱ्यासारखा तिसरा. तिने कंटाळून हात आवरता घेतलेला मी बघितला नाही.

माझी आई साताऱ्याला रोज पहाटे हरिपाठ म्हणत तुळशीपुढे ठिपक्यांची रांगोळी काढायची. दुपारपर्यंत ती पुसून जायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. लहानपणी मला ते घरकामापैकीच एक वाटे. त्या पडवीत डोकरीशेजारी बसल्यावर आई त्या वेळी काय करत होती ते मला उमगलं. देवळात न जाता, डोळे न मिटता, बोटांनी केलेला जप होता तो. तेव्हापासून मी तसा जप सुरू केला. नाईट ड्युटीला शेवटची फेरी झाली, ताप-नाडी-श्वासाची नोंद लिहून झाली, की जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर गेरूचा हात फिरवून ठेवलेला असे, त्यावर त्या दिवशीच्या प्रत्येक रुग्णासाठी एक माणूस लिहायचा. घाई करायची नाही. हिवतापाने कुडकुडणारा, बाळंतीण, भाजलेलं पोर, प्रत्येकाचा चेहरा डोळ्यांसमोर आणून दोन त्रिकोण. दिवसा ज्यांच्याशी तुटक बोलले असेन, त्यांच्याकडे रात्री असं नीट बघून व्हायचं. सकाळी ड्रेसिंगला हात लावताना तो हात आदल्या दिवसापेक्षा हलका पडायचा, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

जिव्या सोमा म्हशे यांचं नाव मी तिथेच पहिल्यांदा नीट ऐकलं. त्यांचा जन्म १९३४ चा, याच तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. आई लहानपणीच गेली आणि त्या धक्क्याने मुलाचं बोलणंच बंद झालं. मग तो मातीत, धुळीत बोटाने चित्रं काढून सांगायचा. पुढे ते डहाणू तालुक्यात गंजाडजवळच्या कळंबीपाड्याला राहायला गेले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले. दुष्काळात बिहारच्या मधुबनीत बायकांना कागद देऊन त्यांची भिंतीवरची चित्रं कागदावर आणवली होती तेच हे कुलकर्णी. इथेही ते बायकांच्या चौकांसाठी आले होते, आणि त्यांना बायकांचं हे काम करणारा एक पुरुष दिसला. लग्न असो-नसो, रोज चित्र लिहिणारा. जिव्याबाबांनी चौकातलं चित्र बाहेर काढलं आणि रोजचं केलं. माशांचं जाळं, मुंग्यांचं वारूळ, तारप्याचं वेटोळं. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री, पॅरिसमध्ये प्रदर्शन, आणि शेवटपर्यंत मुक्काम कळंबीपाड्यालाच. १५ मे २०१८ ला ते गेले. मला त्यांच्या मानसन्मानांपेक्षा धुळीत बोट फिरवणारं ते मुकं पोर जास्त जवळचं वाटतं. त्याने आपली वाचा आपल्याच बोटाने परत आणली, असं मी मानते.

आता एका प्रसंगाविषयी. श्रावणातला पाऊस, आणि एका पाड्यावरून विशीतला एक पोरगा झोळीतून आला. जमिनीवर झोपला होता. पहाटे पोटात दुखायला लागलं आणि पापण्या उघडेनात. चाव्याची जागा शोधूनही सापडत नव्हती. मण्यार सापाचं असंच असतं. सूज नाही, आग नाही, माणूस निजल्याजागी लुळा पडत जातो. डॉक्टरांनी साठ्यातल्या प्रतिविषाच्या कुप्या सलाईनमधून सुरू केल्या, निओस्टिग्मीन दिलं, तरी त्याचा श्वास उथळ होत चालला. मग जीप. हद्दीपलीकडे सिल्वासाचं मोठं सरकारी इस्पितळ. मागच्या सीटवर पोरगा, त्याच्या तोंडावर मास्क, आणि अंबू बॅग माझ्या हातात. दाबायची, सोडायची, छाती उचलली गेली का बघायचं, पुन्हा दाबायची. खड्ड्यांतून गाडी उडत होती. मनात भीती शिरली की हात घाई करतो आणि हवा पोटात जाते, हे शिकवलेलं असतं, पण शिकवलेलं त्या वेळी हाताशी येत नाही. माझ्या हाताशी डोकरीचा ताल आला. एक रेघ, एक श्वास. पुढची रेघ, पुढचा श्वास. मी ओठांत काय पुटपुटत होते ते मला आठवत नाही. ड्रायव्हर नंतर म्हणाला की, बाई गाणं म्हणत होत्या. पोरगा इस्पितळात मशीनवर राहिला आणि वाचला. पुढे बरा होऊन तो दवाखान्यात आला तेव्हा त्याने काकड्यांची पाटी आणली होती.

दवाखान्यात भगत, म्हणजे पाड्यावरचे देवऋषी, तेही यायचे. पुष्कळ शहरी माणसांना हे खटकतं, म्हणून लिहिते. आमच्या डॉक्टरांचा नियम साधा होता. आधी सुई, सलाईन, गोळी, आणि त्यात वेळ घालवायचा नाही. ते लागलं की भगताने खुशाल उशाशी बसावं, सुपात तांदळाचे दाणे टाकून बघावेत. भगतालाही त्यांनी सांगून ठेवलं होतं की, साप चावलेला आणि अडलेली बाळंतीण तुमच्याकडे आली की क्षणभरही ठेवू नका. तो ते पाळायचा. मण्यारीच्या त्या पोराला झोळीत घालून पाठवणारा भगतच होता. तांदळाचे दाणे बघणारा तो, तांदळाची देवी लिहिणारी धवलेरी, तांदळाची पेज पाजणारी आई आणि ती पाजा म्हणणारे डॉक्टर, ही चारही माणसं मी एका पडवीत, एकाच रुग्णाभोवती बसलेली बघितली आहेत. कुणी कुणाला हाकलत नव्हतं.

पुष्कळ वर्षांनी भाचीने परदेशातून एक चित्रांचं पुस्तक पाठवलं. त्यात इझेनहाइमचं देवघरातलं मोठं घडीचं चित्र होतं. मथियास ग्र्युनेवाल्ड या चित्रकाराने ते साधारण १५१२ ते १५१६ या काळात संत अँटनीच्या पंथाच्या मठासाठी रंगवलं. त्या मठातले साधू रुग्णसेवा करत. तिथे येणाऱ्या रुग्णांना ‘संत अँटनीची आग’ नावाचा रोग असे. अंगाची लाही, बोटं काळी पडून झडायची. राय नावाच्या धान्यावरच्या बुरशीने तो होई, म्हणजे आपल्याकडे बाजरीवर अरगट पडतो, त्याच जातीची बुरशी. रोग दाण्यातून आलेला. आणि त्या चित्रातला क्रुसावरचा येशू अंगभर जखमांनी भरलेला आहे. मलमपट्टी आणि पथ्याच्या जोडीला रुग्णांना त्या चित्रासमोर आणत, की बघ, तुझं दुखणं देवाच्याही अंगावर आहे. आज ते फ्रान्समध्ये कोलमारच्या उंटरलिंडेन संग्रहालयात आहे. ते पान उघडलं आणि मला उधव्याचा गेरूचा पट्टा दिसला. पाचशे वर्षांपूर्वी एका थंड मुलखात, तांदूळ न पिकवणाऱ्या माणसांनाही तेच सुचलं होतं की, पडून राहिलेल्या माणसाला समोर काय दिसतं, हीसुद्धा शुश्रूषा आहे.

डोकरीची सून बरी झाली. घरी जाताना डोकरीने मला आवतण दिलं, लग्नाला यायचं. पैसे जमायला वेळ लागला, पण ते लग्न लागलं, वैशाखात, आणि मी गेले. कारवीच्या कुडाची भिंत शेण-गेरूने सारवलेली, घरात काळोख, आणि त्या काळोखात चौक. चार बाजूंना साखळीची, बाशिंगाची नक्षी इतकी दाट की बोट ठेवायला जागा नाही. आत पालघाट. वर सूर्य-चंद्र, कोपऱ्यात फणी आणि शिडी, बाजूच्या लहान चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. पण हे सगळं मी नंतर बघितलं. आधी देवीवर कपडा झाकलेला होता. तिचं तेज उघड्या डोळ्यांना झेपत नाही म्हणतात. भगताच्या अंगात आलं, तो थरथरत उठला, आणि कपडा बाजूला झाला. बायकांनी एकदम आवाज लावला. नवरी, कडेवर दीड वर्षाची पोर घेऊन, चौकासमोर बसली. जिची नाडी मी रात्र-रात्र मोजली होती, ती. डोकरीचा आवाज त्या दिवशी कसा लागला होता ते मला सांगता येणार नाही, पण मी पदराने डोळे पुसत होते.

आणि तिथली दिवाळी. वाघबारशीला वाघदेवाची पूजा व्हायची आणि मग पाड्यापाड्यांवरून तारपा वाजू लागायचा. वाळलेला दुधी, बांबू आणि ताडाचं पान यांचं ते वाद्य. त्याचा आवाज मैलभर जातो. नवं भात देवाला दाखवल्याशिवाय कुणी खात नसे. काकडी किसून तांदळाच्या पिठात कालवून पानात उकडलेली भाकर दवाखान्यात ताट भरून यायची. एका दिवाळीला पडवीत पंधरा-वीस रुग्ण होते, घरी जाता येत नव्हतं, म्हणून तारपावाला आपणहून अंगणात आला. नाचणाऱ्यांनी एकमेकांच्या कमरेत हात घातले आणि वेटोळं सुरू झालं. तारपावाल्याला कुणी पाठ दाखवत नाही. तो वळला की सगळी ओळ वळते. क्षयाचा एक म्हातारा सतरंजीवर उठून बसला आणि भिंतीवरच्या नाचाकडे आणि अंगणातल्या नाचाकडे आळीपाळीने बघत राहिला. भिंतीवरचा आणि अंगणातला, दोन्ही नाच एकच होते. लाडू-चिवड्याची आठवणही झाली नाही मला त्या वर्षी.

बदली झाली, पुढे बरीच गावं झाली, मोठी इस्पितळंही झाली. वारली चित्रं दरम्यान सगळीकडे पोचली. कपांवर, साड्यांवर, विमानतळांवर. त्याने तिकडच्या कितीतरी तरुणांच्या चुली पेटल्या, घरं पक्की झाली, याचा मला मनापासून आनंद आहे, आणि जे नाकं मुरडतात त्यांनी तिथला कणग्या रिकाम्या असतानाचा भादवा महिना एकदा बघावा. माझं दुःख वेगळं आहे. चित्र जगभर गेलं आणि ते लिहिणाऱ्या बायका मागे राहिल्या. बाजारात नावं आहेत ती बहुतेक पुरुषांची. धवलेरींची गाणी येणाऱ्या बायका कमी होत चालल्या आहेत, लग्नात मांडवाशेजारी डीजे वाजतो, आणि चौक लिहायला कधी कधी पैसे देऊन पोरगा बोलावतात. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी, तलासरीच्या पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले, महिनोन्‌महिने माणसं घराबाहेर झोपली. त्या दिवसांत मी एकदा जाऊन आले. सिमेंटच्या भिंतींना तडे होते. कुडाच्या भिंती बऱ्याचशा तशाच उभ्या होत्या, आणि एका घरात जुना चौक होता, धुराने पिवळा पडलेला, एक रेघही न उसवलेला.

डोकरी आता नाही. तिने शिकवलेला जप मी निवृत्तीनंतरही सोडलेला नाही. ओळखीत कुणी आजारी पडलं, की त्या रात्री गेरूच्या कागदावर एक माणूस लिहिते. सकाळी शक्य असेल तर पेजेचा डबा घेऊन जाते. यातलं कुठलं काम आधीचं आणि कुठलं नंतरचं हे मी कधी ठरवलं नाही.

हे वाचणाऱ्यांमध्ये डॉक्टर असतात, दवाखाने बांधणारे असतात, पंचायत समितीत बसणारे असतात. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. आरोग्यकेंद्राच्या भिंती फ्लेक्सने झाकू नका. खाटेवर पडलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला हातभर गेरूचा पट्टा सोडा, आणि जवळच्या पाड्यावरच्या बायकांना बोलावून तो लिहून घ्या. काय लिहायचं ते त्यांना सांगू नका. देवी लिहा असा आग्रह धरू नका. तांदूळ त्यांच्याकडे आहे, बाहरूही आहे. गवंड्याला देता तेवढी मजुरी त्यांना द्या, रोख आणि त्याच दिवशी.